परातीतले फासे

मला बोलायला आईनं शिकवलं. पण आपण बोलायला लागलो की समोरचा थांबून ऐकेल, ही खात्री मला माधवीताईंनी दिली, आणि ती नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्यांच्या घरी, रविवारी दुपारी, एका पितळी परातीभोवती बसून मिळाली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्याचं श्रेय लोक माझ्या वडिलांना देतात, शाळेतल्या गुरुजींना देतात, आणि ते खरंही आहे. तरी कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून मी सुरगाण्याला परत का गेलो नाही, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच असतं. रविवार होता म्हणून.

वडील सुरगाणा ते नाशिक जीप चालवायचे. माधवीताईंचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, एके काळी सुरगाण्याला पोस्टमास्तर होते. त्या जुन्या ओळखीवर मला त्यांच्या गच्चीवरची खोली मिळाली. खाली अण्णा आणि ताई, दोघंच. ताईंचे यजमान सुधीरदादा मस्कतला नोकरीला होते, वर्षातून एकदा यायचे, आणि ते आले की घरात अत्तराचा आणि नव्या टॉवेलांचा वास यायचा. ताई अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करायच्या. सकाळी त्यांच्या स्कूटरला किक बसायची ती माझ्या उठण्याची वेळ. त्यानंतर अण्णांचा रेडिओ, मग शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, मग मागच्या बोळातला भंगारवाल्याचा आवाज. हे सगळं मी वरून ऐकायचो. खाली यायला मला कारण लागायचं, आणि माझ्याजवळ कारण नसायचं. कॉलेजात मी तोंड उघडलं की माझं बोलणं वेगळं पडायचं. मास्तरांनी एकदा उत्तर विचारलं, मी दिलं, बरोबरही होतं, पण मागच्या बाकावर कोणीतरी माझ्या आवाजात ते पुन्हा म्हणून दाखवलं. त्यानंतर मला येत असलेली उत्तरंही मी द्यायची बंद केली. शनिवारी वडिलांची जीप सीबीएस बसस्थानकाजवळ उभी असायची, आणि तिच्यात बसून कायमचं निघून जावं असं मला दर शनिवारी वाटायचं.

एका रविवारी ताईंनी जिन्यावरून हाक मारली, "जयराम, खाली ये. आम्हाला एक माणूस कमी पडतोय."

मला वाटलं काहीतरी उचलायचं असेल. खाली दिवाणखान्यात सतरंजी अंथरली होती, मध्ये परात उपडी नव्हे तर सुलटी ठेवलेली, आणि तिच्यात रंगीत फासे. सहा बाजूंचे मला माहीत होते. पण एक होता तो लिंबाएवढा, वीस बाजूंचा. परात यासाठी की फासा सोफ्याखाली जाऊ नये. तो तिच्यात पडला की जो आवाज व्हायचा, तो आज लिहितानाही माझ्या दातांत वाजतो. त्या आवाजानं आरामखुर्चीत झोपलेले अण्णा दचकून जागे व्हायचे आणि विचारायचे, "राजा मेला का?" सगळे एका सुरात म्हणायचे, "नाही अण्णा, आहे अजून!" अण्णा परत झोपायचे.

या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. ताई पुण्याला शिकत असताना हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर तो खेळायच्या आणि लग्नानंतर त्यांनी तो आपल्या भाषेत, आपल्या मनानं घडवून घेतला होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी सैनिक, कोणी वैद्य, कोणी चोर. ताई डाव चालवायच्या, म्हणजे त्या सांगायच्या, "तुमच्यासमोर घाट आहे, धुकं आहे, वर कोणीतरी शेकोटी पेटवलीय." मग विचारायच्या, "काय करता?" आपण सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं. एवढंच. पण त्या "काय करता?"मध्ये काय होतं ते मला कळायला बरेच महिने गेले.

खेळणारे दोघं होते. बंटी पंचवटीतला, भाजी बाजारात वडिलांचा गाळा, हातांना कायम कोथिंबिरीचा वास. त्याचा सेनापती दिसेल त्या दारावर लाथ मारायचा. पूर्वा दोन घरं सोडून राहायची, सीए करत होती, आणि ताईंनी मागच्या महिन्यात काय नियम सांगितला होता ते तिला ताईंपेक्षा चांगलं आठवायचं. मी तिसरा. मी धनुर्धारी घेतला, कारण त्याला लांब उभं राहता येतं. ताईंनी "काय करतोस?" विचारलं की माझं ठरलेलं वाक्य होतं, "मी मागे उभा राहतो."

ताई म्हणायच्या, "बरं. मागून तुला काय दिसतं?"

"काही नाही."

"बरं." आणि पुढे जायच्या. त्यांनी मला कधी ढोसलं नाही. दर रविवारी तेच विचारलं, तितक्याच उत्सुकतेनं, जणू आज वेगळं उत्तर येणार आहे.

मध्ये खाणं असायचं. दडपे पोहे, वर भाजलेले शेंगदाणे. कधी मटकीची उसळ आणि पाव. बंटी गाळ्यावरून गाजरं आणायचा. आईनं नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं डब्यात पाठवलं की मी ते वर एकटाच खायचो, एकदा अण्णांना जिन्यात वास आला आणि ते म्हणाले, "अरे, हे एकटा खातोस? सुरगाण्याचं पाणी मीही प्यालोय." त्यानंतर तो डबाही परातीशेजारी आला.

आणि डाव संपला की खडीसाखर. ताई बरणी काढून प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा ठेवायच्या. तो स्वतः खायचा नाही. आज ज्याचं काही आवडलं त्याला द्यायचा, आणि काय आवडलं ते तोंडानं सांगायचं. मिळालेल्या खड्याच्या बदल्यात पुढच्या रविवारी एकदा फासा पुन्हा टाकता यायचा, नाहीतर तो सरळ तोंडात टाकायचा. डाव चालवणाऱ्याला मात्र खडा द्यायचा नाही. बंटीनं एकदा विचारलं, "ताई, तुम्हालाच का नाही पण?"

"मग तुम्ही माझ्याकडे बघून खेळाल," ताई म्हणाल्या. "एकमेकांकडे बघा."

बंटी खडा तिथंच कडाकडा फोडून खायचा. मला सुरुवातीला मिळाले ते "शांत राहिलास" म्हणून, म्हणजे दया करून. तरी मी ते काड्यापेटीत ठेवायचो. एकदा मुंग्या लागल्या, तेव्हा मुंग्या झटकून परत ठेवले.

मग एका दुपारी माझा धनुर्धारी मेला. बंटीच्या सेनापतीनं नेहमीप्रमाणे दार फोडलं, आतून भाले आले, फासा पडला, आणि भाला नेमका मागे उभा असलेल्यालाच लागला. आमच्याकडे कबड्डीत बाद झालं की मैदानाबाहेर जायचं असतं. बाद झालेल्यानं रेंगाळणं बरं दिसत नाही. मी उठलो, "येतो" म्हणालो, दारात जाऊन चपला घातल्या. मनात आलं, बरं झालं, आता शनिवारी जीपमध्ये बसायला काही हरकत नाही. मी तसं ठरवूनच टाकलं होतं, हे मी पुढे कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

"चपला काढ," ताई म्हणाल्या. त्या परातीतले फासे गोळा करत होत्या. त्यांनी मानही वर केली नव्हती.

"पण मी मेलो ना."

"म्हणूनच. जिवंत माणसाला एकच काम असतं, आता तुला गावभर कामं आहेत. बस इथं, माझ्या शेजारी." आणि त्यांनी बंटी-पूर्वाला सांगितलं की तुम्ही कसेबसे निसटलात, दिवसभर चाललात, पाणी संपलंय, समोर एक पाडा आहे, विहिरीवर एक म्हातारी उभी आहे. मग माझ्याकडे वळल्या. "ती म्हातारी तू. हे आलेत. ती काय म्हणते?"

डोळ्यांसमोर आमच्या पाड्यावरची विहीर आली आणि विहिरीवरची माझी चुलत आजी आली, कंबरेवर हात ठेवलेली. तोंडातून तिचंच वाक्य आलं, तिच्याच बोलीत. "कोठचं रं तुमी? पानी पिवाला आलां, का पानी नेवाला?"

बंटी फस्सकन हसला. मागच्या बाकावरचं तेच हसू. माझे कान तापले. मी ताईंकडे पाहिलं. त्या त्याला रागावतील असं वाटलं, आणि त्या रागावल्या असत्या तर मी पुन्हा कधी खाली आलो नसतो. ताई शांतपणे म्हणाल्या, "बंटी, तुझा सेनापती हसला ते आजीनं पाहिलं. तिनं दोर गुंडाळला आणि ती घरात गेली. ऊन आहे. काय करता?"

बंटीचं तोंड उघडंच राहिलं. "अरे! मी हसलो, सेनापती नाही हसला!"

"सेनापतीचं तोंड तुझ्याकडेच आहे," पूर्वा म्हणाली. "आता जा, मनव तिला. मला तहान लागलीय."

मग बंटीनं त्या म्हातारीची जी मनधरणी केली ती मी विसरणार नाही. भाजी बाजारात गिऱ्हाईक तुटायला लागलं की जसा गोड बोलतो, तसा तो बोलला. म्हातारीनं ऐकलं नाही. त्यानं तलवार खाली ठेवतो म्हटलं. म्हातारी म्हणाली, "लांब ठेव. पोरं खेळतात." पूर्वानं विचारलं, तुम्हाला काय हवंय आजी? म्हातारीला पावसाच्या आधी छपरावर गवत चढवून हवं होतं, घरात धडधाकट माणूस नव्हता. सेनापती छपरावर चढला. फासा टाकला, घसरून पडला. म्हातारीनं त्याला शिव्या घातल्या, त्याही आमच्याकडच्या. अण्णा जागे झाले आणि राजाचं विचारायचं सोडून खुर्चीतच हसत बसले, म्हणाले, "अगदी तशीच! आमच्या पोस्टात मनीऑर्डर न्यायला यायची ती!" शेवटी बंटी हात जोडून म्हणाला, "आजी, पिवालाच आलो. नेवाला नाय." त्यात चेष्टा नव्हती. म्हातारीनं दोर सोडला.

त्या दिवशी बंटीनं आपला खडा मला दिला. काय आवडलं ते सांगायचं असतं म्हणून थोडा वेळ मान खाजवत बसला. "भाऊ, घाबरलो रे मी तिला," म्हणाला. शनिवारी मी सीबीएसवर गेलो, आईचा डबा घेतला, वडिलांबरोबर चहा प्यालो, आणि परत आलो.

पुढे दोन वर्षं मी कोण कोण झालो! नावाडी झालो, चोर झालो, एकदा राणी झालो. कॉलेजातही बोलू लागलो. आवाज माझा तोच होता, पण कोणी हसलं तर मनात म्हणायचो, आजीनं पाहिलंय बरं का. आज मी शिकवतो, आणि वर्गात मुलं गप्प बसतात तेव्हा मला ताईंचं ते "बरं" आठवतं. त्या "बरं"मध्ये घाई नव्हती. मी पुष्कळ प्रयत्न केला, माझ्या "बरं"मध्ये अजून थोडी घाई राहतेच.

तिसऱ्या वर्षी सुधीरदादांनी ताईंना मस्कतला बोलावून घेतलं. अण्णा धुळ्याला मुलीकडे जाणार होते, घर भाड्यानं जाणार होतं. म्हणजे माझी खोली जाणार होती. पण खोलीचं मला काही वाटलं नाही. मला रविवारची भीती वाटली. पंचवटी आणि सीए आणि सुरगाणा यांना एका सतरंजीवर बसायला दुसरं कारण काय होतं?

ताई म्हणाल्या, "पुढचा डाव तू चालव. मी खेळते."

आठवडाभर मी जागून तयारी केली. आख्खं राज्य उभं केलं, सात पिढ्यांचा राजवंश, नद्यांची नावं, मंत्र्यांची भांडणं. रविवारी बसलो आणि सांगत सुटलो. पूर्वानं दोनदा तारखांची चूक काढली. बंटीनं पोह्यांतले शेंगदाणे वेचून ओळीनं मांडले, मग मोबाइलवर सापाचा खेळ खेळू लागला. ताईंनी एक भालाईत घेतला होता. मी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "मी मागे उभी राहते."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ज्याच्यासाठी मी शनिवारच्या जिपा सोडल्या, ते माझ्याच हातात, माझ्याच डोळ्यांदेखत विस्कटत होतं.

चहाला थांबलो. मी स्वयंपाकघरात गेलो. ताई दुधावर लक्ष ठेवून उभ्या होत्या.

"माझ्याच्यानं होत नाही."

"बंटीला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"जिंकायला."

"छे. तो आठवडाभर बापाच्या हाताखाली असतो. हे उचल, ते ठेव. त्याला कोणीतरी विचारायला हवं असतं, आता काय करायचं? पूर्वाला?"

मी विचार केला. "आपण तिला फसवत नाही, हे कळायला हवं असतं."

"मग? तू कधीचा तुझ्या राजाकडेच बघतोयस."

"आणि तुम्हाला काय हवंय, ताई?"

त्या माझ्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या फडकं शोधायला धावल्या, मी कप पुसले, चहा बाहेर गेला. उत्तर राहूनच गेलं.

बाहेर येऊन मी वही मिटली. बंटीला मोबाइल बाजूला ठेवायला सांगितलं नाही. फासा उचलून परातीत टाकला, उगाचच. खण्णकन आवाज झाला. अण्णा जागे झाले. "राजा मेला का?"

बंटी आणि पूर्वा सवयीनं म्हणाले, "नाही अण्णा, आहे..."

"मेला," मी म्हणालो.

अण्णांनी चष्मा शोधला. "मेला?"

"आत्ताच. महालाबाहेर अजून कोणाला माहीत नाही. मंत्र्याला कळलं तर सकाळपर्यंत फौज येईल. त्याच्या आधी गावोगाव खबर पोचली पाहिजे, आणि वाटा माहीत असलेला एकच माणूस आहे, जुना डाकवाला. अण्णा, तुम्ही. बंटी, वाट जंगलातली आहे, त्यांना एकटं पाठवता येणार नाही. आता काय करायचं?"

बंटीनं साप मरू दिला. अण्णा खुर्चीतून उठले, गुडघे धरत सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "पहिलं टपाल कोणत्या गावाचं, ते सांग. लांबचं गाव आधी घ्यायचं असतं." पूर्वानं विचारलं, खबर खरी आहे याचा पुरावा काय? मी म्हटलं, राजाची अंगठी, ती तुझ्याकडे. दिवे लागेपर्यंत आम्ही खेळलो. अण्णांना नदीत उतरवताना बंटीनं खरोखर त्यांचा हात धरला होता. ताईंचा भालाईत एकदा पुढे आला आणि पुरात वाहून गेला, आणि त्यांनी हसत विचारलं, "चपला घालू का?"

शेवटी बरणी निघाली. खडे सतरंजीवर इकडून तिकडे गेले. अण्णांना दोन मिळाले. माझा तळहात रिकामाच राहिला. डाव मी चालवला होता. त्या रिकाम्या तळहाताकडे पाहताना मला पहिल्यांदाच वाटलं, इतके रविवार ताई या वेळी काय करायच्या? आठवायचा प्रयत्न केला. त्या बरणीचं झाकण लावायच्या.

परात त्यांनी मला दिली. डाव पुढे बंटीच्या गाळ्यावरच्या माळ्यावर चालला, कांद्याच्या वासात, मग आम्ही एकेक पांगलो. इंदिरानगरातल्या त्या घराच्या जागी आता उंच इमारत आहे. नाशिकला गेलो की मी त्या रस्त्यानं जातो, थांबत नाही. रविवारी दुपारी कुठूनही भांडं पडल्याचा आवाज आला की मान आपोआप आरामखुर्चीकडे वळते, आणि तिथं माझ्या घरची भिंत असते.

चाळिशी ओलांडल्यावर, मागच्या दिवाळीनंतर, मी ताईंना पत्र लिहिलं. फोन नंबर होता. पण फोनवर आम्ही हवापाणी बोलतो, आणि जे पाठवायचं होतं ते फोनवरून जात नव्हतं. पत्र असं होतं.

ती. माधवीताईंना,

जयरामचा नमस्कार. अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा आपण फोनवर बोललो, पण मला धड काही सुचलं नाही. त्यांचं डाकवाल्याचं पात्र मी अजून मरू दिलेलं नाही. आमच्या आश्रमशाळेतली मुलं दर रविवारी त्याला कुठे ना कुठे भेटतात. परात तीच आहे, एका बाजूला पोचा आला आहे. बंटी मे महिन्यात येतो, पोरांना गाजरं आणतो आणि छपरावरून पडल्याची गोष्ट स्वतःच सांगतो. पूर्वानं तुमचा पत्ता दिला, आणि नियम बदलले असतील तर कळवायला सांगितलं आहे.

या वर्षी एक मुलगी आली आहे. तीन महिने म्हणत होती, "मी मागे उभी राहते." मी "बरं" म्हणत होतो. परवा तिनं मागून काय दिसतं ते सांगितलं. सगळी पोरं वळून बघायला लागली. तुम्ही असायला हव्या होतात, असं फार वाटलं. तसं ते दर रविवारी वाटतं.

तुम्हाला काय हवंय, असं मी एकदा स्वयंपाकघरात विचारलं होतं. दूध उतू गेलं. एवढी वर्षं डाव चालवल्यावर मला वाटतं उत्तर थोडं कळलं आहे, पण चुकत असेन तर सांगा.

म्हणूनच सोबत काड्यापेटीत एक खडा आहे. चालवणाऱ्याला द्यायचा नाही, हा नियम मला पाठ आहे, आणि आज मी तो मोडतो आहे. वाटेत मुंग्या लागल्या तर झटकून घ्या. काय आवडलं ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. मी दारात उभा होतो, घरी जायला निघालो होतो, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चपला काढ."

ते.

तुमचा,
जयराम